पिठाच्या कोंबड्याची गोष्ट



गेल्या चातुर्मासाच्या तोंडावर आमच्या घरात एका केकवरून तीन दिवस अबोला होता. नातवाचा चौथा वाढदिवस. सूनबाईने गावातून केक मागवला. बिनअंड्याचा, जिलेटिन नसलेला, सगळे विचारून-सवरून. कमी काहीच ठेवली नव्हती. डबा उघडला तर आत निळा-पिवळा मासा. डोळा साखरेचा, खवले क्रीमचे. नातवाला कार्टूनमधला तो मासा फार आवडतो, म्हणून त्याच्या आईने हौसेने करून घेतलेला. पोराने प्लॅस्टिकची सुरी घेतली आणि ओरडला, "आधी शेपटी बाबांना!"

मी म्हणाले, "हा कापायचा नाही."

पुढचे सांगत नाही. पाहुण्यांसमोर झाले, हेच वाईट झाले. शेवटी कुणीतरी चमच्याने क्रीम पसरवून माशाचा नुसता चौकोन केला आणि मग तो वाटला. रात्री सूनबाई एवढेच म्हणाली, "आई, तो मैदा होता." मी उत्तर दिले नाही. दिले असते तर ते पाठशाळेतले पाठ केलेले उत्तर असते, आणि तिला ते माझ्याइतकेच ठाऊक आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी असे झालेले असणार. आमच्या आजी भाजीसुद्धा ‘कापते’ म्हणू देत नसत, ‘चिरते’ म्हण, असे टोकत. दिवाळीत साखरेचे हत्ती-घोडे घरात येत नसत. का, असे विचारले की एकच उत्तर यायचे, "यशोधर राजाची गोष्ट माहीत नाही का?" गोष्ट माहीत होती, पण अर्धीच. पिठाचा कोंबडा मारला आणि सात जन्म भोगले, इतकीच. त्या अबोल्याच्या तीन दिवसांत मी ती पहिल्यांदा नीट वाचायला घेतली. वाचता वाचता केक बाजूला राहिला आणि भलतेच काही समोर आले. ते शेवटी सांगते.

आधी ही गोष्ट कुठली ते सांगते, कारण ती आपल्या अगदी अंगणातली आहे हे मलाही ठाऊक नव्हते.

यशोधराची कथा पुष्कळ जैन कवींनी लिहिली, पण सर्वांत मोठे नाव सोमदेवसूरींचे. त्यांचे ‘यशस्तिलक’ शके ८८१ मध्ये, म्हणजे इ.स. ९५९ च्या चैत्रात पुरे झाले. कुठे? गंगाधारा या गावी. हे गाव आजच्या तेलंगणात, करीमनगरजवळ. तिथे वेमुलवाडच्या चालुक्यांचे राज्य होते आणि ते राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. या चालुक्यांचे आधीचे ठाणे बोधन. आमच्या नांदेडहून निजामाबादकडे निघाले की लागते ते बोधन. आपल्या पुराणांतले पोदनपूर तेच, असे अनेक जण मानतात. आणि ज्यांचे हे मांडलिक ते राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत. लट्टलूर म्हणजे आपले लातूर. माझे माहेर लातूरचे. बी.कॉम. तिथेच केले आणि तोवर हे एकदाही कुणी सांगितले नव्हते.

याहून जवळचा पुरावा परभणीचा. शके ८८८ चा, म्हणजे इ.स. ९६६ चा एक ताम्रपट ‘परभणी ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो. चालुक्य राजा अरिकेसरी याने वेमुलवाडच्या शुभधाम जिनालयासाठी सोमदेवसूरींना एक गाव दिल्याची नोंद त्यात आहे. त्या लेखात सोमदेवांची ओळख यशोधरचरित लिहिणारे अशीच आहे. हजार वर्षांपूर्वीच्या एका कवीला त्याच्या काव्याच्या नावाने ओळखणारा कागद (तांब्याचा का असेना) आमच्यापासून तासा-दीड तासावर निघाला, याचे मला फार कौतुक वाटले.

त्याच सुमारास राष्ट्रकूटांच्या राजधानीत, मान्यखेटात, म्हणजे आजच्या मळखेडला, महाकवी पुष्पदंतांनी हीच कथा अपभ्रंश भाषेत लिहिली. तिचे नाव ‘जसहरचरिउ’. मंत्री भरताचा मुलगा नन्न याच्या घरी राहून त्यांनी ती रचली. ते पुस्तक छापून आले १९३१ मध्ये. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते संपादित केले आणि ते निघाले कारंजाच्या जैन ग्रंथमालेतून. कारंजाच्या भांडारांनी जपलेल्या पोथ्या नसत्या तर पुष्पदंत आपल्याला कितपत मिळाले असते, कोण जाणे. पुढे १२०९ मध्ये जन्न कवीने कन्नडमध्ये लिहिली, आणि सोळाव्या शतकात मेघराजाचा ‘जसोधर रास’ मराठीत आला. म्हणजे आमच्या आजी जी अर्धी गोष्ट सांगत, ती त्यांच्यापर्यंत अशी हाताहाताने आलेली.

आता गोष्ट. तपशील कवीगणिक थोडे बदलतात. मी मुख्य धागा धरते.

उज्जयिनीचा राजा यशोधर. आई चंद्रमती, राणी अमृतमती, मुलगा यशोमती. एका रात्री राजाला जाग येते तर राणी उठून चालली आहे. तो मागोमाग जातो. राणी जाते ती हत्तीखान्यातल्या एका कुबड्या, कुरूप नोकराकडे. उशीर झाला म्हणून तो तिला मारतो आणि ती त्याची मनधरणी करते. राजा तलवार उपसतो, पण वार करत नाही. मुलाची आई आहे, म्हणून थांबतो. इथपर्यंत राजा आपल्याला थोरच वाटतो.

सकाळी त्याला संसार नकोसा होतो. पण आईला खरे कारण कसे सांगणार? म्हणून तो खोटे सांगतो. म्हणतो, मला वाईट स्वप्न पडले, आता दीक्षा घ्यावीशी वाटते. आई घाबरते. म्हणते, स्वप्नाची शांत करू, देवीला पशूंचा बळी देऊ. राजा म्हणतो, मी जीव मारणार नाही. आई म्हणते, मग पिठाचा तरी कोंबडा दे. माझे एवढे ऐक. आणि तो ऐकतो. कोंबडा इतका हुबेहूब करतात, रंगवतात, की जिवंत वाटावा. तो त्याला देवीपुढे मारतो, सगळ्या जीवांच्या बळीचे फळ मला यातच मिळो असे मागतो, आणि नंतर ते पीठ मांस समजून मायलेक खातात.

राणीला संशय येतो की आपले गुपित फुटले. ती दोघांना जेवायला बोलावते आणि विष घालते.

मग जन्म सुरू होतात. राजा मोर होतो, आई कुत्रा. दोघे नजराणा म्हणून येतात त्याच उज्जयिनीच्या वाड्यात, जिथे आता मुलगा यशोमती राजा आहे. मोर एकदा राणीला त्या कुबड्याबरोबर पाहतो, पूर्वजन्म आठवून झडप घालतो, मार खातो. पळताना कुत्रा त्याला धरतो आणि मारतो. म्हणजे आईनेच लेकाला मारले. यशोमती रागाने हातातला सोंगट्यांचा पट कुत्र्यावर मारतो, आणि कुत्रा मरतो. नातवाने आजीला मारले. त्याला काय माहीत! पुढे राजा मुंगूस आणि आई साप. या वेळी लेक आईला मारतो आणि त्याला तरस खातो. मग क्षिप्रा नदीत एक मासा आणि एक सुसर. सुसर माणसे धरते म्हणून मारली जाते. मासा पकडला जातो आणि श्राद्धाच्या जेवणासाठी दिला जातो. श्राद्ध कुणाचे? यशोधराचे. बापाच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून मुलगा बापालाच पानात वाढतो.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ओट्याशी जाऊन उभी राहिले. मासा! मला खरेच माहीत नव्हते की गोष्टीत मासाही आहे.

पुढचे बकऱ्याचे जन्म मी इथे लिहीत नाही. एक तर इतका कठोर आहे की स्वाध्यायात मोठ्याने वाचताना मी सरळ पान उलटले. आई शेवटी रेडा होते आणि तीही भयंकर रीतीने मरते. सहाव्या खेपेला दोघे कोंबडे होतात. पिठाचे नव्हे, खरे. नगररक्षक त्यांना उद्यानात घेऊन जातो. तिथे सुदत्त मुनी बसलेले असतात. त्यांचा उपदेश आणि आपलीच हकीकत ऐकून पाखरांना पूर्वजन्म आठवतात, ती मनोमन व्रत घेतात आणि आनंदाने आरवतात. पलीकडे तंबूत राजा यशोमती राणीला आपली विद्या दाखवत असतो, आवाजाच्या रोखाने बाण मारण्याची. तो आरवण्याच्या दिशेने बाण सोडतो. एका बाणात दोन्ही पाखरे.

पण या खेपेला मरताना मनात व्रत होते. दोघे त्याच यशोमतीच्या पोटी जुळे बहीण-भाऊ होऊन येतात, अभयरुची आणि अभयमती. पुढे लहान वयातच दीक्षेच्या वाटेला लागतात. मारिदत्त नावाचा दुसरा एक राजा चंडमारी देवीपुढे हर प्रकारच्या प्राण्यांच्या जोड्या बळी द्यायला काढतो, त्याला माणसांचीही जोडी हवी असते, आणि त्याचे शिपाई नेमके या दोघांना धरून आणतात. राजा विचारतो, तुम्ही कोण? तेव्हा अभयरुची ही सगळी गोष्ट सांगतो. काव्याची सुरुवात इथून आहे. तलवार उपसलेली आहे आणि समोरचा मुलगा सांगतो आहे की मी एकदा पिठाचा कोंबडा मारला होता.

आता माझ्यातली बी.कॉम. जागी झाली. आपल्याकडे कर्माचे बोलताना आपण सहज ‘हिशेब’ म्हणतो. तर हिशेब मांडून पाहिला. नावे बाजूला एक पिठाचा कोंबडा. जमा बाजूला दोघांचे सहा-सहा जन्म, विष, दात, आग, बाण. ताळेबंद कुठल्याही रीतीने जुळत नाही. वर्षाअखेरीस कुणी असा आणून दिला असता तर मी त्याला परत पाठवले असते.

चूक माझ्या मांडणीत होती. तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय पुन्हा काढला. आपण दशलक्षणात तो दरवर्षी ऐकतो. कोणत्या वागण्याने कोणते कर्म येते, याची तिथे यादीच आहे. ज्ञानाच्या आड आले तर ज्ञान झाकणारे कर्म, कुणाच्या दानात विघ्न आणले तर अंतराय. म्हणजे पाप आणि फळ यांचा चेहरा सारखा असतो, हे तिथे आधीच सांगून ठेवले आहे. आणि पशुयोनी कशाने मिळते? तिथे उत्तर हिंसा असे नाही. उत्तर आहे माया, म्हणजे कपट. पुष्कळ आरंभ आणि परिग्रह यांनी नरक मिळतो, कपटाने तिर्यंच गती.

मग सगळे उलगडले. राजाचे पहिले पाप कोंबडा नव्हेच. पहिले पाप ते खोटे स्वप्न. त्यावर दुसरे कपट म्हणजे पीठ. हिंसा तर करायची, पण हाताला रक्त लागू द्यायचे नाही. देवीलाही फसवायचे, आईलाही, स्वतःलाही. म्हणून तो नरकात न जाता पशू झाला. आणि पशू होऊन त्याला काय काय मिळाले, पाहा. ज्याने दुसऱ्याच्या शरीराचे सोंग खाल्ले, त्याचेच शरीर ताटात आले. ज्याने देवीपुढे खोटे अन्न ठेवले, त्याला त्याच्याच श्राद्धात वाढले. आणि शेवटी ज्याची प्रतिकृती मारली, तोच प्राणी तो झाला. शिक्षा म्हणून बाहेरून कुणी काही आणलेले नाही. त्याने जे केले तेच, फक्त तो आता पलीकडच्या बाजूला. कर्मबंधात स्थिती आणि अनुभाग कषायावर ठरतात, हे आपण पाठ म्हणतो. माझ्या भाषेत सांगायचे तर मुद्दल केवढे आहे याला फारसे महत्त्व नाही, व्याजाचा दर कषाय ठरवतो.

हे मी चौथ्या दिवशी सूनबाईला सांगितले. ती इंग्रजी शिकवते. भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, हे तर दांतेसारखं आहे." अबोला तिथे संपला. मग दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत जेवणे उरकून, आम्ही धरणाच्या बाजूला फिरायला जायचो आणि ती मला दांते सांगायची. विष्णुपुरीच्या पाण्याकडे बघत इटलीचा नरक ऐकणारी सासू बहुधा मीच पहिली असेन.

दांते फ्लॉरेन्सचा. १३०२ मध्ये राजकारणात त्याला गावातून हद्दपार केले, परत आला तर जाळू असे फर्मान निघाले. तो कधीच परतला नाही. १३२१ मध्ये रावेन्नाला वारला. त्या वीस वर्षांत त्याने नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग यांतून केलेल्या प्रवासाचे मोठे काव्य लिहिले. ते त्याने १३०८ च्या सुमारास सुरू केले असे मानतात. गंमत अशी, की पुष्पदंतांच्या जसहरचरिउत दिल्लीला गंधर्व नावाच्या कवीने काही प्रसंग वाढवून घातले ते विक्रम संवत १३६५ मध्ये, म्हणजे १३०८ सालीच. वाढवलेल्या भागांत या जन्मोजन्मीच्या फेऱ्यांचे वर्णनही आहे. ज्या वर्षी इटलीत एक जण पापाची शिक्षा मोजत होता त्याच वर्षी दिल्लीत दुसरा. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

दांतेच्या नरकातही शिक्षा पापासारखीच दिसते. त्यासाठी इटालियन शब्द आहे ‘कॉन्त्रापासो’. तो शब्द काव्यात उच्चारतो बेर्त्रां द बोर्न नावाचा पापी. त्याने राजपुत्राला बापाविरुद्ध उठवले, बाप-लेक तोडले, म्हणून नरकात त्याचे मुंडके धडापासून तोडलेले आहे आणि तो ते कंदिलासारखे हातात धरून चालतो. भविष्य सांगणाऱ्यांनी फार पुढचे पाहिले, म्हणून त्यांची तोंडे पाठीकडे फिरवलेली, डोळ्यांतले पाणी पाठीवरून ओघळते. वासनेने वाहवत गेलेल्यांना वादळ सतत भिरभिरवत नेते. चोरांना साप चावतात आणि चोराचे साप, सापाचे चोर होत राहतात, कारण ज्यांनी दुसऱ्याचे आपले म्हटले त्यांचे शरीरही आपले राहत नाही. हे शेवटचे ऐकून मला मुंगूस आणि साप आठवले. नंतर शुद्धिलोकात मत्सर करणाऱ्यांच्या पापण्या तारेने शिवलेल्या असतात. दुसऱ्याचे चांगले पाहवले नाही ना, मग काहीच पाहू नका.

आणखी दोन साम्ये मला अंगावर काटा आणणारी वाटली. एक म्हणजे दांतेचा सर्वांत खालचा नरक आगीचा नाही, बर्फाचा आहे. आपल्याकडेही वरच्या पृथ्वींमध्ये उष्णता आणि खालच्या पृथ्वींमध्ये थंडी, हे पाठशाळेतल्या मुलालाही माहीत असते. दुसरे असे, की त्याच्याकडेही मारामारी करणाऱ्यांपेक्षा फसवणारे खोल जागी आहेत आणि विश्वासघातकी सर्वांत खाली. सूनबाई हे सांगत होती तेव्हा मी खोट्या स्वप्नाचाच विचार करत होते.

फरकही मोठे आहेत. दांतेच्या नरकात पोचलेला कायमचा पोचला. आपल्याकडे नरकाचे आयुष्य सागरोपमात मोजावे लागले तरी त्याला शेवट असतो, आणि कोंबड्यालासुद्धा व्रत घेता येते. दांतेकडे न्याय करणारा आहे, आपल्याकडे खुर्चीच रिकामी. तिथे कुणी बसलेलेच नाही.

एका बाबतीत मात्र मला दांते उजवा वाटला, आणि हे मी घाबरत लिहिते आहे. राणी अमृतमती. आपल्या कवींनी तिला कुष्ठरोग दिला, नरक दिला, पण तिच्या मनात काय होते ते विचारले नाही. ती खुनी आहे, दोघांना विष घालते, त्यात शंका नाही. पण राजाला सात जन्म पश्चात्तापाला मिळतात आणि तिला एक वाक्यही नाही. दांतेच्या वादळात फ्रांचेस्का नावाची बाई भेटते, दिराच्या प्रेमात पडली म्हणून नवऱ्याने मारलेली. दांते तिला बोलू देतो. ती सगळे सांगते, आणि ऐकून तो भोवळ येऊन पडतो. शिक्षा माफ होत नाही, पण ऐकून तरी घेतो. गिरीश कर्नाडांनी याच यशोधर कथेवर १९८० मध्ये कन्नड नाटक लिहिले, पिठाच्या कोंबड्याच्याच नावाने. त्यात त्यांनी राणीलाच जैन केले आहे आणि तिला भरपूर बोलू दिले आहे. काहींना ते खटकेल. मला खटकले नाही.

आणि एका बाबतीत आपली कथा फार उजवी. दांतेने नरकात माणसे नावानिशी घातली. शेजारी, शत्रू, पोपसुद्धा. एक पोप त्याने भोकात उलटा पुरला आहे, तळव्यांवर ज्वाळा. आणि तेव्हा जिवंत असलेल्या दुसऱ्या पोपची जागाही तिथे राखून ठेवली आहे. दुसऱ्याच्या पापाला साजेशी शिक्षा शोधण्यात त्याची बुद्धी फार चालते. अभयरुची मात्र कुणाची गोष्ट सांगतो? स्वतःची. मोर मी होतो, मासा मी होतो. समोर मारिदत्त उभा आहे, शेकडो प्राणी बांधून. त्याला सहज म्हणता आले असते, तू पुढल्या जन्मी बकरा होशील. तो तसे म्हणत नाही. तो आपले सांगतो, आणि ते ऐकून राजाच्या हातातली तलवार खाली येते. देवीसुद्धा बळी सोडून देते.

इथे मी अडकले. त्याचे कारण आता सांगते.

बत्तीस-तेहतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या धाकट्या जाऊबाईंचा मुलगा दीड वर्षाचा होईपर्यंत आम्हाला कळले नाही की त्याला ऐकू येत नाही. डॉक्टरांनी सांगितले त्या आठवड्यात घरात बायका जमल्या होत्या. मी नुकतीच कर्मांवरची शिबिरे ऐकून आले होते, सगळे ताजे होते, आणि मला वाटले की मी समजूत घालते आहे. मी म्हणाले, "मागच्या जन्मी कुणी धर्माचं सांगत असताना कान झाकले असतील, दुसरं काय. ते भोगूनच संपतं." दोन-तीन जणींनी माना डोलावल्या. जाऊबाई मुलाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या स्वाध्यायाला आल्या नाहीत. आम्ही म्हणायचो, मुलाचे करण्यात वेळ जातो बिचारीचा.

शास्त्रात मी म्हणाले तसे नाही का? असेल. पण ते कुणाच्या तोंडी आहे? केवली, अवधिज्ञानी मुनी, किंवा ज्याला जातिस्मरण झाले तो स्वतः. सुदत्त मुनींना दिसत होते म्हणून ते बोलले. मला काय दिसत होते? मला शिबिराची वही दिसत होती. वहीतला आरसा उचलून मी दुसरीच्या लेकरासमोर धरला. शिवाय मी समजूत घालते आहे असे स्वतःलाच सांगितले. पिठाचा कोंबडा याहून वेगळा काय असतो?

केकचे मी सूनबाईशी अजून पूर्ण मिटवलेले नाही, हेही कबूल करते. ती म्हणते, पोराच्या मनात मारायचे नव्हतेच, त्याला मासा आवडतो, शेपटी बाबांना देणे हे त्याचे प्रेम. यशोधराने बळीचे फळ मागितले होते, याने मेणबत्ती फुंकली. तिचे बरोबर आहे. माझे म्हणणे असे, की हाताला सवय लागते, आणि आवडत्या गोष्टीचा तुकडा करून हसण्याची सवय मला नको वाटते. या वर्षी तिने आगगाडी केली. डबे वेगवेगळे, कापायचे कामच नाही. ती काही बोलली नाही, मीही नाही.

दिवाळीनंतर मी लातूरला गेले. जाऊबाई तिथेच असतात. पुतण्या आता तिशी ओलांडलेला, नकाशे काढण्याच्या कामात हुशार, संगणकावर घरांचे आराखडे करतो. त्याने चहा केला, माझ्यासाठी बिनआल्याचा, विसरला नव्हता. तो आत गेल्यावर मी जाऊबाईंना सरळ सांगितले, मी त्या दिवशी असे असे बोलले होते, माझी चूक झाली. क्षमावाणीला आपण सगळ्यांना हात जोडतो, दरवर्षी त्यांनाही जोडले होते, पण कशाबद्दल ते कधी म्हटले नव्हते.

त्या म्हणाल्या, "असं काही बोलला होतात का? मला नाही आठवत."

मग थोड्या वेळाने, शेंगा निवडता निवडता, म्हणाल्या, "तुम्ही जांभळी साडी नेसला होतात. काठाची. माझ्याच ओटीतली."

मी काय बोलणार? मी बरोबर नेलेले पुस्तक पिशवीतून काढले आणि विषय बदलायचा म्हणून यशोधराची गोष्ट सांगू लागले. मोरापर्यंत आले तेव्हा त्यांनी विचारले, "आणि राणीचं काय झालं?" मी म्हटले, तिला कुष्ठ झाले. "एवढंच?" एवढंच. त्यांनी पुस्तक ठेवून घेतले. परवा फोन आला होता, मुंगसाच्या जन्मापर्यंत वाचून झाले आहे, म्हणाल्या, आणि पुढचे इतक्यात परत मागू नका.